मागच्या पंखावरचे तीन ठिपके

पाऊस उघडून आठवडा झाला होता आणि ओढ्याकडे जाणारी पायवाट नुकतीच वाळली होती. दोन्ही बाजूंना गवत कमरेएवढं वाढलेलं, मधेच हात-दोन हात उघडी जमीन. अशाच एका उघड्या जागेवर, माझ्यापासून सात-आठ पावलांवर, एक नारिंगी फुलपाखरू पंख पूर्ण पसरून बसलं होतं. पुढच्या पंखांची टोकं काळी, त्या काळ्यात पांढरा तिरपा पट्टा. मी चालायची थांबलेही नाही. प्लेन टायगर, मराठीत बिबळ्या कडवा. फुलपाखरं बघायला लागले तेव्हा सगळ्यात आधी ओळखू आलेलं हेच. पडीक जमिनीवर, रस्त्याच्या कडेला, रुईच्या झुडपांभोवती ते कायम दिसतं आणि इतकं निवांत उडतं की नवशिक्यालाही नीट बघता येतं.

माझी सावली त्याच्यावर पडली आणि ते उडालं. त्या उडण्यानंच मला जागीच थांबवलं.

बिबळ्या कडवा उडतो तो फेरफटका मारल्यासारखा. दोन-तीनदा पंख हलवायचे, मग तरंगायचं, पुन्हा दोन-तीनदा. अगदी जवळ गेलं तरी त्याची फारशी धांदल उडत नाही. हे फुलपाखरू मात्र बाणासारखं सुटलं. डावीकडे, उजवीकडे, झपाट्यानं वर, आणि एका झुडपाला वळसा घालून पुन्हा जवळजवळ त्याच जागी मातीवर येऊन बसलं. बसल्याबरोबर पंख पसरले. मी पुन्हा पुढे सरकले, पुन्हा तोच प्रकार. तिसऱ्यांदा ते आलं आणि शांत झालं. मग उडालं तेव्हा मात्र ते अगदी बिबळ्या कडव्यासारखं, रमतगमत उडालं. दोन वेगळ्या प्राण्यांच्या चाली एकाच अंगात असाव्यात तसं मला वाटलं.

मी खाली बसले. फुलपाखराच्या जवळ जायचं तर उभ्यानं जाण्यात अर्थ नसतो. उभा माणूस आकाशाच्या पार्श्वभूमीवर मोठा दिसतो आणि त्याची सावली लांबवर पडते. सूर्य कुठे आहे ते बघून सावली मागे पडेल अशा बाजूनं, गुडघ्यांवर, थांबत थांबत सरकायचं. फुलपाखरू पंख उघड-मीट करायला लागलं की आपणही थांबायचं, ते स्थिरावलं की पुढे जायचं. सात-आठ पावलांचं अंतर कापायला मला दहा मिनिटं लागली असतील. नऊ फोटो निघाले. त्यातले तीनच उपयोगाचे ठरणार होते, पण तेव्हा ते माहीत नव्हतं.

ते गेल्यावर मी तिथेच बसून वहीत लिहिलं. ही सवय मला एका बाईंनी लावली. त्यांनी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं आणि मला फुलपाखरांची गोडीही त्यांनीच लावली. त्यांचं म्हणणं असं की पुस्तक उघडायच्या आधी लिहायचं. एकदा चित्रं बघितली की आठवणीत चित्रातले रंग मिसळतात आणि मग आपण काय पाहिलं आणि काय वाचलं हे वेगळं करता येत नाही. मी ते अनुभवलंय, म्हणून लिहिते. त्या दिवशीची नोंद अशी: सकाळचे पावणेदहा, लख्ख ऊन, वारा नाही. जमिनीवर बसलं, फुलावर नाही. पंख उघडे ठेवून. दचकलं की वेगानं, वळणं घेत. न दचकता हळू. तीनदा त्याच जागी परत. खाली, नारिंगी, टोक काळं-पांढरं, असं लिहून पुढे प्लेन टायगर, आणि त्यापुढे एक प्रश्नचिन्ह.

घरी येऊन फोटो मोबाइलमधल्या ओळख सुचवणाऱ्या अ‍ॅपला दाखवला. त्यानं क्षणात प्लेन टायगर सांगितलं. दुसरा फोटो, तेच उत्तर. पुस्तकातलं चित्र काढलं, तेही जुळलं. प्रश्नचिन्ह खोडायला पेनही उचललं होतं. पण डोळ्यांपुढून ते उडणं जाईना. उडण्याचा फोटो निघत नाही, त्यामुळे ते कुणाला दाखवता येत नाही, आणि म्हणूनच ते सोडून द्यायचा मोह होतो. मी सोडून दिलं नाही. तीन फोटो बाईंना पाठवले आणि खाली लिहिलं, ‘प्लेन टायगर दिसतंय, पण उडताना पटलं नाही.’

संध्याकाळी उत्तर आलं. नाव नव्हतंच त्यात. लिहिलं होतं, ‘मागच्या पंखावर किती काळे ठिपके आहेत ते मोज आणि मला सांग.’

मागच्या पंखाकडे मी कधी बघितलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. चार वर्षं हे फुलपाखरू मी पुढच्या पंखाच्या काळ्या-पांढऱ्या टोकावरून ओळखत आले होते. मागचा पंख नारिंगी, कडेला काळी किनार, एवढंच मनात होतं. फोटो मोठा करून बघितला. उजवा मागचा पंख: मधलं सगळं नारिंगी, स्वच्छ. डावा: तसाच. एकही ठिपका नाही.

मग पुस्तक पुन्हा उघडलं आणि या वेळी चित्र न बघता मजकूर वाचला. बिबळ्या कडव्याच्या मागच्या पंखाच्या मध्यावर तीन काळे ठिपके असतात. नराला चौथाही असतो, जरा मोठा, मधे पांढरट. ती खरं तर गंधाची पिशवी. तिच्यातल्या द्रव्यांचा वास प्रियाराधनाच्या वेळी मादीपर्यंत पोचतो. म्हणजे तीन किंवा चार. शून्य कुठेच नाही.

बाईंना लिहिलं, ‘एकही नाही.’

‘मग तो कडवा नाही. आता कोण ते तू शोध.’

इथून पुढचे चार दिवस मी जे केलं ते खरं ओळख पटवणं. त्याआधी मी करत होते ते साम्य शोधणं होतं, आणि साम्य शोधायला निघालं की ते सापडतंच. उलट्या बाजूनं निघायचं असतं: हे अमुक आहे असं म्हणायला कुठली गोष्ट आड येते? एक जरी पक्की गोष्ट आड आली तरी ते नाव सोडायचं, मग बाकीच्या दहा जुळत असल्या तरी. हे लिहायला सोपं आहे, पण मनाला जड जातं, कारण त्या दहा गोष्टी डोळ्यांसमोर नाचत असतात.

नारिंगी पंख आणि काळं-पांढरं टोक असलेली फुलपाखरं मी वहीत एकाखाली एक मांडली. पहिलं स्ट्राइप्ड टायगर, म्हणजे कडव्याच्याच कुळातलं. त्याच्या पंखांतल्या शिरा काळ्या, जाड, वाघाच्या पट्ट्यांसारख्या उठून दिसतात. माझ्या फोटोत शिरा नारिंगीच होत्या. खोडलं. मग इंडियन फ्रिटिलरीची मादी. तिचंही पुढच्या पंखाचं टोक असंच काळं, त्यात पांढरा पट्टा, पण मागच्या पंखावर काळ्या ठिपक्यांची नुसती दाटी असते. मला तर एकही ठिपका सापडत नव्हता. खोडलं. उरलं डॅनेड एगफ्लाय, शास्त्रीय नाव हायपोलिम्नास मिसिपस. त्याचं चित्र काढलं तर काळं फुलपाखरू, पंखांवर मोठे पांढरे गोल. मी पान उलटणारच होते, तेवढ्यात त्याच पानाच्या कोपऱ्यात लहान अक्षरांत ‘मादी’ लिहिलेलं दिसलं आणि शेजारी माझं फुलपाखरू. नारिंगी, काळ्या टोकाचं.

आनंद झाला, पण तो लगेच अडला. मजकुरात लिहिलं होतं की मादीच्या मागच्या पंखावर एक काळा ठिपका असतो. एक! माझ्याकडे शून्य. आत्ताच ठरवलेला नियम माझ्याच अंगावर आला: एक पक्की गोष्ट आड आली की नाव सोडायचं.

या वेळी फोन केला. बाई म्हणाल्या, ‘ठिपका कुठे असतो ते वाचलंस का?’

‘मागच्या पंखावर.’

‘मागच्या पंखावर कुठे? वरच्या कडेला. म्हणजे पुढच्या पंखाला लागून असलेल्या कडेला. आता तुझ्या फोटोत पुढचा पंख कुठवर आलाय ते बघ.’

फुलपाखरू पंख पसरून बसतं तेव्हा पुढचा पंख मागच्या पंखाच्या वरच्या कडेवर चढलेला असतो. ती कड झाकलेली असते. ठिपका असला तरी तो पुढच्या पंखाखाली लपतो. मी पुन्हा सगळे नऊ फोटो काढले. सातव्या फोटोत फुलपाखरू पंख मिटायच्या बेतात होतं, दोन्ही पंख तिरपे उचललेले, फोटोही जरा हललेला. हाच फोटो मी वाईट म्हणून बाजूला टाकला होता. त्यात उजव्या बाजूला पुढचा पंख पुढे सरकला होता आणि मागच्या पंखाची वरची कड उघडी पडली होती. तिथे, बरोबर तिथेच, एक काळा ठिपका होता. धूसर होता, पण होता.

त्या दिवसापासून मी हललेले फोटो पुसत नाही.

मग कडा बघितल्या. बिबळ्या कडव्याच्या मागच्या पंखाची कड सरळ, गोलसर जाते. काळ्या किनारीत पांढऱ्या टिकल्या असतात. माझ्या फुलपाखराची कड नागमोडी होती, कात्रीनं बारीक कंगोरे काढावेत तशी, आणि काळ्या किनारीत पांढऱ्या चंद्रकोरी होत्या, त्याही एकात एक अशा दोन ओळींत. एकदा हे दिसल्यावर ते आधी कसं दिसलं नाही याचं नवल वाटत राहिलं. फोटो तोच होता. मोठा करून चार वेळा बघितला होता.

तरीही माझं समाधान झालं नाही. चित्र बघून फरक कळणं वेगळं आणि जिवंत फुलपाखरात तो बघणं वेगळं. म्हणून पुढच्या सुट्टीला मी एगफ्लाय शोधायला गेलेच नाही. मी बिबळ्या कडवा बघायला गेले. जे ओळखीचं आहे असं चार वर्षं धरून चालले होते, ते आधी नीट बघायचं ठरवलं.

पायवाटेच्या वरच्या अंगाला रुईची आठ-दहा झुडपं आहेत. तिथे दोन तास बसले. पाच बिबळे कडवे आले. ठिपके मोजले: तीन, तीन, चार, तीन, चार. चौथा ठिपका असलेले दोन नर एका वाळक्या झाडाशी बराच वेळ घुटमळत होते. कडव्यांच्या नरांना काही विशिष्ट वनस्पतींमधून मिळणारी द्रव्यं लागतात, त्यांपासून ते मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतात, हे वाचलं होतं. ते आता डोळ्यांपुढे घडत असावं.

मग एक मादी रुईच्या कोवळ्या पानाच्या कडेवर उतरली. पोटाचं टोक पानाखाली वळवलं, दोन-तीन सेकंद थांबली आणि उडाली. मी पान हलकेच उलटून बघितलं. पांढरट, उभट, मोहरीहून लहान एक अंडं, त्यावर उभ्या रेघा. एका पानावर एकच. रुईचं पान तुटलं की पांढरा चीक येतो. त्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात. अळी तीच पानं खाते, विष शरीरात साठवते आणि ते पुढे फुलपाखरातही राहतं. म्हणून बिबळ्या कडव्याला घाई नसते. त्याचा भडक रंग ही पक्ष्यांना दिलेली सूचना आहे आणि सूचना वाचता यावी म्हणून तो सावकाश उडतो. अमेरिकेतल्या लिंकन ब्राउअर या शास्त्रज्ञानं १९६०च्या दशकात कडव्यांच्या जवळच्या नात्यातली मोनार्क फुलपाखरं ब्लू जे पक्ष्यांना खायला घालून बघितली होती. पक्ष्यांनी ती खाल्ली, थोड्या वेळानं ओकली आणि त्यानंतर तसलं फुलपाखरू नुसतं दिसलं तरी तोंड फिरवलं.

आता एगफ्लायच्या मादीचा सगळा प्रकार समजायला लागला. तिच्या अंगात ते विष नाही. तिची अळी रुई खात नाही. तिनं फक्त वेश घेतलाय. ज्या पक्ष्याला बिबळ्या कडव्याचा एकदा वाईट अनुभव आलाय, तो तिलाही टाळतो. आणि ती नुसता रंग उचलून थांबत नाही, चालही उचलते, ते रमतगमत उडणं. पण जीव खरंच धोक्यात आलाय असं वाटलं की सोंग टाकते आणि आपल्या मूळच्या वेगानं पळते. माझी सावली पडली तेव्हा मी जे बघितलं ते हेच. माझ्या वहीतल्या त्या प्रश्नचिन्हाचं उत्तर ठिपक्यांच्या आधी तिच्या पळण्यातच होतं.

हे नक्कल करणं पहिल्यांदा नीट मांडलं ते हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्ग अभ्यासकानं. तो १८४८ ते १८५९ अशी अकरा वर्षं ॲमेझॉनच्या खोऱ्यात होता. त्याला तिथे असं आढळलं की पांढऱ्या फुलपाखरांच्या कुळातली काही फुलपाखरं आपल्या कुळासारखी न दिसता, जंगलात सर्रास उडणाऱ्या, पक्षी टाळत असलेल्या अगदी वेगळ्या कुळातल्या फुलपाखरांसारखी दिसतात. १८६२ साली त्यानं ते छापलं, डार्विनचा ग्रंथ येऊन तीनच वर्षं झाली होती. आजही अशा नकलेला बेट्सचंच नाव आहे. मला यात मोलाचं वाटतं ते हे की बेट्सही आधी फसत असे. दूरवरून उडताना दोन्हींमधला फरक त्यालाही कळत नसे, फुलपाखरू हातात आल्यावर कळे.

पण खरं थक्क केलं ते पुढच्या गोष्टीनं. बिबळ्या कडव्याची रूपं प्रदेशाप्रमाणे बदलतात. एका रूपात पुढच्या पंखाचं काळं-पांढरं टोकच नसतं, पंख सरसकट नारिंगी. दुसऱ्या एका रूपात मागचा पंख पांढरा. आणि एगफ्लायच्या मादीचीही अशीच रूपं आहेत, एक टोक नसलेलं, एक मागचा पंख पांढरट असलेलं. मूळ जसं बदललं तशी नक्कलही बदलली. आफ्रिकेपासून आशियापर्यंत पसरलेल्या या दोन फुलपाखरांमध्ये किती पिढ्यांचा हा पाठलाग चालला असेल! कार्ल लिनीअसनं बिबळ्या कडव्याला १७५८ साली शास्त्रीय नाव दिलं आणि एगफ्लायला १७६४ साली. त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांचं हे चाललंय.

फक्त मादीच नक्कल का करते, नर का नाही, यावर वेगवेगळी मतं आहेत. मादीला अंड्यांचं ओझं असतं, अंडी घालायला योग्य झाड शोधत तिला जमिनीलगत हळूहळू फिरावं लागतं, त्यामुळे तिला संरक्षणाची जास्त गरज, असं एक मत. नरानं वेश बदलला तर मादी किंवा दुसरे नर त्याला ओळखणार कसे, असं दुसरं. मला पहिलं जास्त पटतं, कारण त्यानंतर जे बघितलं ते त्याच्याशी जुळणारं होतं.

तिसऱ्या फेरीला मी पुन्हा ओढ्याजवळच्या त्या उघड्या जागी गेले. तिथे मातीवर एक काळं फुलपाखरू बसलं होतं. पंखांवर पांढरे लंबगोल, पुढच्या प्रत्येक पंखावर एक मोठा आणि टोकाशी एक लहान, मागच्या पंखावर एक मोठा. तेच ते, पुस्तकातल्या पानावरचं. नर! मी जागची हलले नाही. ऊन त्याच्या पंखावर सरळ पडत होतं तोवर तो नुसता काळा-पांढरा होता. त्यानं पंख जरासे कलते केले आणि प्रत्येक पांढऱ्या गोलाभोवती जांभळी-निळी झळाळी उमटली. पुन्हा सपाट केले, झळाळी गेली. हा रंग रंगद्रव्याचा नसतो. पंखावरच्या खवल्यांच्या अतिसूक्ष्म रचनेतून प्रकाश परतताना तो तयार होतो, म्हणून बघण्याचा कोन बदलला की दिसतो नाही तर विझतो. मी डोकं डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं, आणि दर वेळी ती झळाळी एका गोलावरून दुसऱ्या गोलावर जात होती.

त्याच्या जागेवरून काहीही उडत गेलं की तो त्याच्या मागे लागायचा. दुसरं फुलपाखरू, चतुर, एकदा तर वाऱ्यानं उडालेलं पान. हाकलून परत यायचा आणि त्याच ढेकळावर बसायचा. हा नर आणि पहिल्या दिवशीची ती नारिंगी मादी एकाच जातीची आहेत हे मला कुणी सांगितलं नसतं तर आयुष्यभर दोन पानांवर दोन वेगळ्या नोंदी करत राहिले असते.

मादी त्या दिवशी दिसली नाही. ती दिसली त्यानंतर नऊ दिवसांनी, ओढ्याच्या काठावर, जिथे जमिनीसरपट घोळ पसरलीय. एगफ्लायच्या अळीच्या खाद्यवनस्पतींमध्ये घोळ आहे हे वाचलेलं असल्यामुळे मी तिथेच ठाण मांडलं होतं. लांबून एक नारिंगी फुलपाखरू खाली खाली येताना दिसलं आणि मी मनातल्या मनात म्हटलं, आता रुईकडे वळलं तर कडवा, घोळीकडे वळलं तर ती.

ती घोळीवर उतरली. एका जाडसर पानावर चार पायांवर उभी राहिली. या कुळातल्या फुलपाखरांचे पुढचे दोन पाय आखूड असतात, छातीशी दुमडलेले, त्यामुळे ती चार पायांची वाटतात. त्याच आखूड पायांनी तिनं पानावर भराभर टकटक केलं. मादी अशा तऱ्हेनं पान चाखते. वनस्पती बरोबर आहे की नाही याची चव तिच्या पायांना कळते. दोन पानं तिनं सोडली. तिसऱ्यापाशी पोट वळवलं. मी हातभर अंतरावर होते आणि तिच्या मागच्या पंखाची ती कंगोऱ्यांची कड, ती चंद्रकोरींची दुहेरी ओळ, फोटोत नाही तर प्रत्यक्ष बघत होते. पंख जरा उचलला तेव्हा वरच्या कडेचा तो एकटा काळा ठिपकाही दिसला. अंडं घालून ती उडाली, सावकाश, अगदी बिबळ्या कडव्यासारखी. या वेळी मी तिला दचकवलं नव्हतं.

बाईंना संध्याकाळी फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, ‘अंड्याचं पान उलटून बघितलंस, पण तोडलं नाहीस ना?’ तोडलं नव्हतं. ‘बरं केलंस. आता तुझ्या जुन्या नोंदी बघ.’

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चार वर्षांत प्लेन टायगर या नावाखाली मी एकतीस फोटो साठवले होते. प्रत्येकाखाली तारीख, जागा आणि नाव, ठाम, कुठेही प्रश्नचिन्ह नाही. त्या रात्री मी ते एकेक करून उघडले आणि मागच्या पंखावर बोट ठेवून मोजायला लागले. तीन. तीन. चार. तीन. पंख मिटलेला असला तरी बिबळ्या कडव्याचे ठिपके खालच्या बाजूनंही दिसतात, त्यामुळे तशा फोटोंनीही अडवलं नाही. अठराव्या फोटोत मागच्या पंखाची कड नागमोडी होती. दोन वर्षांपूर्वीचा फोटो, माळावरचा. त्या दिवशी मी दोन मिनिटंही तिथे थांबले नव्हते, हे खालच्या वेळेवरून कळत होतं. सव्विसाव्या फोटोत पुन्हा तीच कड, त्याच चंद्रकोरी. दोन्ही नावं बदलली, बदलल्याची तारीख शेजारी घातली आणि आधीचं नाव खोडून टाकण्याऐवजी कंसात तसंच ठेवलं, म्हणजे पुढे कुणी बघितलं तर चूक कुठे झाली होती तेही कळेल.

एकोणतिसाव्या फोटोत मागचा पंख एका पानाआड गेलाय. पुढचा पंख दिसतो, काळं टोक, पांढरा पट्टा. ठिपके असतील किंवा नसतील, कड सरळ असेल किंवा नागमोडी, पान काही दाखवत नाही. बराच वेळ बघितलं. मग प्लेन टायगर हे नाव काढलं, त्या जागी लिहिलं ‘बिबळ्या कडवा किंवा डॅनेड एगफ्लाय मादी’, आणि पुढे एक प्रश्नचिन्ह केलं.